गळू की गजकर्ण? ट्यूब लावण्याआधी ओळखा

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधल्या कुंभकोणममध्ये उन्हाळा घामाचा, तर ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचा. ओलसर मोजे, घट्ट जीन्स आणि खेळून आल्यावर तसाच अंगावर राहिलेला टीशर्ट यांमुळे बुरशीचं फावतं. तिथल्या तमिळमध्ये गजकर्णाला ‘पडर्तामरै’ म्हणजे पसरणारं कमळ म्हणतात. नाव अगदी नेमकं आहे. गोल चट्टा कडेनं लाल, खवलेदार होत पसरतो आणि मधली त्वचा बरी दिसू लागते. जांघ, काख, कंबर या त्याच्या आवडत्या जागा. खाज भयंकर, दुखणं फारसं नाही.

जिवाणूंचा संसर्ग मात्र दुखतो. गळू गरम लागतं, ठणकतं, त्यात पू होतो आणि सगळं दोन-चार दिवसांत वाढतं. नाका-तोंडाभोवती मधासारखी पिवळी खपली दिसली तर तेही बहुधा जिवाणूंचंच काम.

फसगत होते ती कपाळावर. एकसारख्या आकाराचे, खाजणारे बारीक पुरळ कपाळावर, पाठीवर आले की मुली मुरुमांचं क्रीम लावतात. पण ते यीस्टमुळे आलेले असू शकतात आणि अँटिबायोटिकनं आणखी वाढतात. शिवाय गजकर्ण खाजवून जखम झाली की तिथे जिवाणूही शिरतात. मग नुसत्या नजरेनं ठरवणं कठीण. डॉक्टर त्वचेचा थोडा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे दिसले की शंका मिटते.

खरा घोळ घालते ती मेडिकलमधून मागून आणलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब. तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते, चट्ट्याची कड पुसट होते, पण बुरशी आत पसरत राहते. जांघेत कायमचे व्रणही उमटू शकतात. अनेक स्टेरॉइड मलमं 2018मध्ये ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत गेली. तरी मागितली की मिळतातच! त्यात आपल्याकडे पसरलेल्या ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ या बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषधही अनेकदा चालत नाही.

लाली झपाट्यानं पसरली, ताप आला किंवा डोळ्याभोवती सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एरवी टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उलटे करून उन्हात वाळवा. जांघेतली खाज मुलं आईला सांगत नाहीत, तेव्हा त्यांना डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या. आणि जाताना घरातली अर्धी वापरलेली ट्यूब सोबत न्या.