क्लीनरच्या सीटवरचा काळ्या

लांबच्या भाड्याच्या ट्रकवर पूर्वी दोन माणसं हमखास असत, ड्रायव्हर आणि क्लीनर. क्लीनर टायर ठोकून हवा बघायचा, ताडपत्री आवळायचा, टोलनाक्यावर पैसे द्यायचा, गाडी मागे घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडायचा आणि रात्री गाडी राखायचा. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलचं काम संपलं. भाड्यात परवडत नाही म्हणून मालकांनी क्लीनर कमी केले, पोरंही या कामाला येईनाशी झाली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतून माल भरून निघणाऱ्या कितीतरी गाड्यांत आता ड्रायव्हर एकटाच असतो. मी ज्या ट्रकमधून नागपूरकडे गेलो, त्यात मात्र क्लीनरच्या सीटवर एक गावठी कुत्रा बसलेला होता. नाव काळ्या.

‘‘हौस दिसते मामा,’’ मी ड्रायव्हरला म्हणालो.

‘‘हौस कसली भाऊ, डिझेल राखायला आणलाय.’’

डिझेलची टाकी ट्रकच्या कुशीला, उघड्यावर. त्यात तीनशे-साडेतीनशे लिटर तेल. दिवसभर गाडी हाकून दमलेला माणूस वर केबिनमध्ये झोपला की खाली झाकण तोडून नळी लावायला चोराला फार वेळ लागत नाही. सकाळी काटा खाली आलेला दिसतो आणि मालक म्हणतो, तूच विकलंस. तेलाबरोबर इमानही जातं. स्टेपनी, बॅटरी, ताडपत्री यांचीही हीच कथा. मामांचं म्हणणं एवढंच होतं, की कुत्रा चोराला धरत नाही, पण मला उठवतो. तेवढं पुरतं.

मराठवाड्यात ट्रकमधला कुत्रा तसा नवा नाही. दसरा झाला की बीड, पैठण, कन्नड या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरं आणि त्यांच्यातच एखादं कुत्रं. माणसं फडात गेली की राहायच्या कोप्या तेच राखतं. मामांनी काही हंगाम अशा टोळ्यांची ने-आण केली होती. काळ्या त्यातल्याच एका कुत्रीचं पिल्लू. इंजिनाचा आवाज त्याच्या कानाला लहानपणापासून सरावाचा.

मे महिना होता. माल भरून माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्गावर चढलो तेव्हा दुपार टळली होती. मी क्लीनरची सीट बळकावल्यामुळे काळ्याची रवानगी मागच्या झोपायच्या फळीवर झाली. गळ्यात रुंद पट्टा, त्याला आखूड दोरी. ब्रेकच्या पायाखाली कुत्रं आलं तर काय होईल, हे सांगायला नकोच. ड्रायव्हरच्या ताब्यात अडथळा येईल असं कुणालाही बसवू नये, काही ठेवू नये, हे मोटार वाहन कायद्याच्या 125 व्या कलमातही आहे. मामांना कलम माहीत नव्हतं, दोरीची लांबी मात्र बोटावर मोजलेली होती.

खरा शत्रू उकाडा. आपल्याकडच्या ट्रकचं इंजिन केबिनच्या खालीच असतं, त्यामुळे पत्रा खालून तापतो आणि टप वरून. माणूस घामाने निवतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गादीपुरता, बाकी सगळी भिस्त धापेवर. ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या नव्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीचं झालं आहे, पण ही गाडी त्याआधीची. फळीवर भिजवलेलं गोणपाट अंथरलेलं होतं, ते वाळलं की मामा गाडी न थांबवता बाटलीतलं पाणी मागे शिंपडायला मला सांगत. काळ्याची जीभ खूप लांब आली, लाळ चिकट झाली, की पुढच्या पंपावर थांबायचंच, हा नियम.

पण थांबायचं कुठे? जुन्या रस्त्याने जालना, सिंदखेडराजा, मेहकर करत जाताना ढाबे मुबलक. 701 किलोमीटरच्या समृद्धीवर वाटेल तिथे गाडी उभी करता येत नाही, थांबे मोजकेच, आणि आम्ही ट्रकच्या ऐंशीच्या वेगमर्यादेत चाललेलो. त्यामुळे निघायच्या आधी काळ्याला फिरवून आणणं हे टायर बघण्याइतकंच कामाचं होऊन बसतं. पंपावर उतरताना मामांनी आधी स्वतःचा तळहात डांबरावर टेकवला. चटका बसला, तसं त्यांनी कुत्र्याला उचलून कडेच्या मातीत सोडलं.

खाणं दिवसातून एकदाच, रात्री गाडी लागल्यावर. भरल्या पोटी प्रवास झाला की केबिनमध्ये ओकारी ठरलेली. ढाब्याची डाळ तिखट, तर्रीदार, वर कांदा. कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. म्हणून साध्या पोळ्या ताकात कुस्करून द्यायच्या आणि चिकनची शिजलेली हाडं अजिबात नाहीत. शिवाय प्रत्येक ढाब्याची स्वतःची कुत्री असतात, ती परक्याला फाडायला धावतात. मामा पहिल्या दोन पोळ्या त्यांनाच टाकतात आणि मग काळ्याला खाली उतरवतात. चावाचावी झालीच तर म्हणून दरवर्षी रेबीजची लस, खडकेश्वरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात. तिथला कागद गाडीच्या आरसी-इन्शुरन्सच्या फाइलमध्येच असतो. एका भाद्रपदात काळ्या कुत्रीमागे गेला आणि मालाला उशीर झाला. त्यानंतर त्याला खच्ची केलं.

रात्री एका पंपाच्या आवारात गाडी लावली. काळ्याची साखळी टाकीच्या बाजूला, टाकीपर्यंत पोचेल पण दोन चाकांच्या मधे जाणार नाही अशी बांधली. मग मामांनी त्याची स्टीलची वाटी धुतली आणि केबिनमध्ये नेऊन स्टिअरिंगला अडकवली. सावलीला म्हणून कुत्री गाडीखाली शिरतात आणि पहाटे झोपेच्या गुंगीत कुणी चावी फिरवली की चिरडली जातात. वाटी स्टिअरिंगवर असली म्हणजे कुत्रा खाली आहे. ती काढल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. मध्यरात्रीनंतर काळ्या दोनदा भुंकला. एकदा डुक्कर होतं. दुसऱ्यांदा मामांनी टॉर्च मारला, तेव्हा शेजारच्या गाडीमागून कुणीतरी चालत गेलं. ते कोण, हे विचारायला कुणी खाली उतरलं नाही.

अमेरिकेत पुष्कळ वाहतूक कंपन्या ड्रायव्हरला कुत्रा सोबत न्यायची परवानगी देतात, काही त्यासाठी अनामतही घेतात. एकटेपणावरचा उतारा म्हणून तिथे कुत्रा गाडीत येतो. आपल्याकडे तो आला चौकीदार म्हणून. मामा वाटेत त्याच्याशी बोलतात, हे खरं, पण हायवेवर राखलेला, उजेडाचा ट्रकतळ असता तर मे महिन्यात या जिवाला तापल्या पत्र्यावर कुणी बसवलं असतं?

सकाळी बुटीबोरीच्या कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीने काळ्याला अडवलं. तो टपरीवाल्याकडे राहिला. आत मामांना धक्क्याला गाडी लावायची होती आणि मागे उभं राहायला कुणी नव्हतं. ते खाली उतरले, अंतर पाहिलं, वर चढले, हातभर गाडी मागे घेतली आणि पुन्हा उतरले. असं बराच वेळ चाललं. शेवटी मीच मागे जाऊन उभा राहिलो. ‘‘ओरडा की भाऊ,’’ मामा आरशातून म्हणाले, ‘‘एवढं एकच त्याला येत नाही.’’