ओळख रक्तदाबाची : भाग 6
मध्येच सोडलेली गोळी

आखाजीला लेकी माहेरी येतात, पन्नाशी ओलांडलेल्याही येतात, आणि बीपीची गोळी सासरच्या फडताळात राहून जाते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की कासोदा, रिंगणगाव, उत्राणकडच्या मजूर बायांना गोळ्या संपल्या म्हणून दिवसाची मजुरी बुडवून एरंडोलच्या दवाखान्यात येणं परवडत नाही. नवरात्रात उपवासाला गोळी चालते का, यावर घरोघरी वाद होतात. या सगळ्यांपेक्षा मोठं कारण मात्र फार साधं आहे. तपासलं, आकडा 130/80 आला. ‘आते बरं शे, गोयी कसाले?’

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ताप उतरला की तापाची गोळी थांबवतातच. पण रक्तदाबाची गोळी आजार मुळापासून काढत नाही, ती घेतली जाते तोवर दाब खाली धरून ठेवते. 130/80 हा आकडा त्या गोळीमुळेच आलेला असतो.

त्यातही अनेकांना फसवते ती अ‍ॅम्लोडिपिन. सरकारी दवाखान्यात सर्रास मिळणारी ही गोळी शरीरात बराच काळ रेंगाळते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात. त्यामुळे बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस काहीच जाणवत नाही. ‘बघा, काही झालं नाही,’ अशी खात्री पटते. मग दाब दिवसागणिक हळूहळू चढतो आणि काही आठवड्यांत बहुतेकांचा पुन्हा जुन्या पातळीवर जातो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. मेंदूतली, मूत्रपिंडातली, डोळ्यांतली बारीक रक्तवाहिनी हा भार मुकाट सोसत राहते. पहिलं लक्षण म्हणून एखाद्या सकाळी थेट तोंड वाकडं होतं किंवा हात उचलत नाही.

काही औषधं मात्र इतकी सवड देत नाहीत.

क्लोनिडिन त्यांतलं सर्वांत बेभरवशाचं. याची कथा 1960च्या दशकातल्या जर्मनीतली. चोंदलेल्या नाकावरचं औषध म्हणून ते तयार झालं होतं. एका डॉक्टरने सर्दी झालेल्या आपल्या सेक्रेटरीच्या नाकात त्याचे थेंब घातले, तर ती जवळजवळ दिवसभर झोपून राहिली. तपासलं तेव्हा रक्तदाब उतरलेला आणि नाडी मंदावलेली. नाकाचं औषध रक्तदाबाचं झालं. आपल्याकडे मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते आजही बरंच दिलं जातं. हे औषध मेंदूकडून येणारे दाब वाढवणारे संदेश रोखून धरतं. एकदम बंद केलं की ते संदेश उसळून येतात आणि एक-दोन दिवसांत दाब औषध सुरू करण्यापूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो. सोबत घाम, छातीत धडधड, हातांना कंप, डोकेदुखी.

दुसरा गट अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांचा. ही औषधं हृदयावरची अ‍ॅड्रेनॅलिनची दारं बंद ठेवतात, तेव्हा हृदयाच्या पेशी नवी दारं उघडून त्यावर तोड काढतात. गोळी अचानक थांबली की जुनी आणि नवी सगळी दारं एकाच वेळी सताड उघडी. 1975 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी हे धोके नोंदवले, प्रोप्रॅनोलॉल थांबवल्यावर छातीदुखीच्या रुग्णांचा त्रास उफाळला होता, काहींचा मृत्यूही झाला होता. म्हणून हृदयविकार असलेल्यांची ही गोळी थांबवायचीच असेल, तर एक ते दोन आठवडे घेऊन मात्रा उतरवत नेतात.

याच्या अगदी उलट स्वभाव सर्पगंधेचा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली या वनस्पतीचा रक्तदाबावरचा गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे मांडला. तिच्यातून निघालेल्या रेसर्पिनचा परिणाम औषध बंद केल्यावरही बरेच दिवस टिकतो. म्हणजे शेजारच्या काकांनी गोळी सोडली आणि त्यांना काही झालं नाही, यावरून आपल्या गोळीबद्दल काहीच कळत नाही.

गोळी थांबवायला रास्त कारणं असतात, हेही मान्य करायला हवं. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो. खान्देशच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याला उठताना अंधारी येऊ शकते. या सगळ्यांवर उपाय आहेत, औषध बदलता येतं, मात्रा घटवता येते. ते दवाखान्यात सांगावं लागतं, एवढंच.

दोष सगळा रुग्णाच्या माथी मारणंही अन्यायाचं आहे. 2017च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा होते. एकदम महिन्याच्या गोळ्या देणं, घराजवळच्या केंद्रात देणं आणि तारीख चुकवणाऱ्याचा माग काढणं, यावर त्यात भर होता. वेचणीच्या दिवसांत एरंडोल तालुक्यातल्या मजुरांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या, तर कितीतरी जणांचं औषध तुटणार नाही.

एक डोस चुकला तर त्याच दिवशी आठवताच घ्यावा. दुसऱ्या दिवशी आठवला तर नेहमीचा एकच घ्यावा, दोन एकदम नकोत. अनेक दिवसांचा खंड पडला असेल, तर जुन्या मात्रेने आपणच सुरुवात न करता आधी दाब मोजून घ्यावा. दवाखान्यात जाताना ‘ती पांढरी गोळी’ न सांगता स्ट्रिप सोबत न्यावी, नाव छापलेला तुकडा न फाडता. तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, छातीत दाटून येणं, असं काही दिसलं तर मात्र 108ला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो.

(पुढील भागात : घरच्या मशीनवर रक्तदाब कसा मोजावा)