काटा वर म्हणजे इंजिन ठणठणीत?

सोमेश्वरनगर परिसरात ठिबकवर ऊस करणाऱ्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: लॅटरल तुंबल्या की पंपाजवळचा काटा वर चढतो आणि टोकाच्या सरीला पाणी पोचत नाही. काटा दाखवतो तो अडथळा, पाणी नव्हे. इंजिनातल्या ऑईलचंही तसंच आहे. तरी टर्बोची गाडी दारात आली की ऑईल प्रेशर जितकं जास्त तितकं इंजिन सुरक्षित, असं सर्रास धरून चाललं जातं. ऑईल पंप दर फेऱ्याला ठरावीक ऑईल पुढे ढकलतो, बस. दाब तयार होतो तो बेअरिंगच्या फटी आणि बारीक वाटा त्या ऑईलला विरोध करतात म्हणून. दाब मर्यादेवर पोचला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑईल माघारी वळतं. थंड इंजिनात जाड ऑईल असेल तर काटा जोरात वर दिसतो खरा, पण बरंचसं ऑईल व्हॉल्व्हमधूनच परत फिरतं आणि बेअरिंगच्या वाट्याला कमी येतं.

यावर आक्षेप असा की शाफ्ट ऑईलवर तरंगतो, मग त्याला उचलून धरायला दाब नको का? हवा, पण तो दाब पंपाचा नसतो. 1883 साली ब्रिटनमध्ये बीचॅम टॉवर यांनी बेअरिंगचे प्रयोग केले. शाफ्टचा खालचा भाग नुसता ऑईलमध्ये बुडालेला होता, पंप नव्हताच. बेअरिंगला वरून पाडलेल्या भोकातून ऑईल येऊ लागलं म्हणून बूच लावलं, मग लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही बाहेर फेकली गेली. तिथे गेज लावला तर दाब 200 पीएसआयच्या, म्हणजे सुमारे 14 बारच्या पुढे गेला. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं: फिरता शाफ्ट ऑईलला निमुळत्या फटीत ओढतो आणि आपला दाब आपणच निर्माण करतो. पंपाच्या तीन-चार बारचं काम इतकंच की त्या फटीला ऑईल अखंड मिळावं आणि तिथली उष्णता वाहून जावी. टर्बोला तर हे दुसरं काम फार महत्त्वाचं, कारण त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे घेतो आणि त्याच्या एका टोकाला तापलेला एक्झॉस्ट असतो.

मग जाड ऑईल कशासाठी ओतलं जातं? उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या ऑईलचा डबा घरात असतोच, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो हे कारणही तयार असतं. कारण चुकीचं आहे. बाहेर 12 अंश असो वा 40, गरम झालेल्या इंजिनातलं ऑईल साधारण शंभर अंशांच्या आसपासच राहतं, आणि कंपनीने ग्रेड ठरवली आहे ती तो हिशेब धरूनच. रांजणगावच्या कारखान्यात बनलेलं 1248 सीसीचं मल्टिजेट इंजिन घ्या. याच घराण्यातलं इंजिन असलेल्या स्विफ्ट डिझेलला 5डब्ल्यू-30 ऑईल सांगितलेलं असे. 100 अंशांना 30 ग्रेडच्या ऑईलची चिकटता 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक असते, 50 ग्रेडची 16.3 ते 21.9. हिवाळ्यातल्या पहाटे हा फरक आणखी वाढतो. अशा वेळी फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेलं ऑईल आत जाऊ शकतं. डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी गाळणारा फिल्टर, असलेल्या बीएस-6 डिझेल गाडीत वेगळीच भर: तिला कमी राखेचं ऑईल लागतं, ट्रॅक्टरचं ऑईल तो फिल्टर लवकर भरून टाकतं. झिजलेल्या जुन्या इंजिनात जाड ऑईलने दाब सावरतो, हे नाकारता येत नाही. पण ती तात्पुरती मलमपट्टी झाली, आणि तीही मॅन्युअलमध्ये ती ग्रेड दिलेली असेल तरच.

उलट टोकाचा समज म्हणजे टर्बो ऑईल फेकतोय, तेव्हा प्रेशर जास्त असणार, पुरवठ्याच्या पाइपात भोकाचा वॉशर टाका. टर्बोचे सील रबराचे नसतात, पिस्टन रिंगसारख्या धातूच्या कड्या असतात, आणि वापरलेलं ऑईल केवळ उतारावरून खाली येतं. परतीचा पाइप चोंदला, ब्रीदर तुंबला किंवा चेंबरमध्ये ऑईल जास्त भरलं, की ते सीलमधून बाहेर पडतं. आधी पाहायचं ते हेच. बॉल बेअरिंगच्या टर्बोला मापाचा रिस्ट्रिक्टर खरोखर लागतो, पण साध्या बेअरिंगच्या टर्बोत अंदाजाने वॉशर टाकणं म्हणजे त्याला उपाशी मारणं.

काटा खरोखर जास्त दाखवत असेल तर पहिला संशय काट्यावर घ्यावा. बहुतेक गाड्यांत गेज नसतोच. लाल दिवा असतो, तो दाब फार घसरल्यावरच लागतो आणि जास्त दाबाबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून इंजिन पूर्ण गरम करून, सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून, कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहावं. थंड इंजिनातला पाच-सहा बारचा आकडा बहुधा आजार नसतो. गरम झाल्यावरही तो उतरला नाही तर आधी ऑईलची ग्रेड, मग फिल्टर, मग अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह तपासावा. काही नव्या इंजिनांत पंपाचा दाब विजेच्या व्हॉल्व्हने कमी-जास्त होतो. त्याची वायर तुटली की पंप जास्त दाबावरच राहतो, आणि तिथे ऑईल कितीही वेळा बदललं तरी काटा खाली येत नाही.