बांबू : वृक्ष की तृण?

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या अरण्याचे नाव निघाले म्हणजे ऐकणाराच्या मनात प्रथम सागवान उभे राहते, आणि ते अयोग्यही नव्हे. आलापल्लीचा साग दूरवर प्रसिद्ध आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराकरिता बल्लारपूरहून सागवान पाठविण्यात आले, हे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रात वाचिले असेल. परंतु सागाने येथील गरिबाचे घर क्वचितच बांधिले जाते. त्याच्या भिंतीचा कूड, धान्याची कणगी, सूप, टोपली, मासे धरण्याचा सापळा आणि शेवटी तिरडी, ही सर्व बांबूची. पावसाळ्यात निघणारे बांबूचे कोवळे कोंब, ज्यांस इकडे वास्ते म्हणतात, ते त्याच्या ताटातही येतात. म्हणून या लेखात आम्ही बांबूविषयी लिहिण्याचे योजिले आहे. आणि तेही त्याच्या उपयोगांविषयी नव्हे, तर एका लहानशा प्रश्नाविषयी, ज्याच्या उत्तरावर येथील सहस्रावधी कुटुंबांची भाकर अवलंबून होती. बांबू हा वृक्ष आहे की तृण?

वनस्पतिशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. बांबू हे तृण होय. गहू, ज्वारी, ऊस यांचा तो भाऊबंद. वृक्षाचे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते व त्यात वर्तुळे पडतात. बांबूचा कोंब मात्र जेवढा जाड जमिनीतून वर येतो तेवढाच जाड अखेरपर्यंत राहतो, आणि एकाच पावसाळ्यात आपली पुरती उंची गाठतो. आमच्या अरण्यातील मानवेल जातीचा बांबू कित्येक दशकांनी एकदाच फुलावर येतो, आणि पिकलेल्या ज्वारीप्रमाणे बी धरून मरतो. एवढा पुरावा कोणत्याही वर्गातील मुलास पुरेसा वाटेल.

कायद्यास तो पुरेसा वाटला नाही. १९२७ सालच्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या शब्दाची जी व्याख्या दिली, तीत ताड, बांबू, वेत, झुडपे, इतकेच काय, तोडलेल्या झाडांची ठुंठेदेखील वृक्षांतच गणिली. हसू येण्यासारखी ही गोष्ट खरी. पण कायदे करणारे अजाण नव्हते. वृक्ष म्हटला की त्याचे लाकूड झाले, आणि लाकडावर सरकारची मालकी आली. मग आपल्या घराचा कूड बांधण्यास परवानगीवाचून बांबू आणणारा मनुष्य चोर ठरतो, आणि त्याच बांबूचे गाडेच्या गाडे सवलतीच्या दराने नेणारी कागदाची गिरणी ही कायदेशीर गिऱ्हाईक ठरते. बल्लारपूरच्या गिरणीची कंपनी १९४५ साली स्थापन झाली, आणि पुढे कित्येक वर्षे या अरण्यातील बांबू तिच्याकडे गेला. त्या बांबूच्या वह्यांवर आमच्यापैकी पुष्कळांनी अक्षरे गिरविली आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे.

गावकऱ्यास काहीच मिळत नव्हते असे नाही. त्यास ‘निस्तार’ होता. जुन्या मध्यप्रांतापासून चालत आलेला हा शब्द आहे. घरगुती गरजेपुरते सरपण, गवत, बांबू, लाकूड अरण्यातून घेण्याची मुभा, असा त्याचा अर्थ. पवित्र शास्त्र वाचणारांस आम्ही हे एका दृष्टान्ताने समजावून देऊ शकतो. मोशेच्या नियमशास्त्रात शेताचा मालक कापणी करताना कोपरे सोडून देई आणि पडलेला सरवा गरिबांसाठी राहू देई. रूथ बवाजाच्या शेतात सरवाच वेचीत होती. निस्तार हा सरवा आहे. तो दयाळूपणाचा आहे, उपयोगाचाही आहे. पण सरवा वेचणारा शेताचा धनी नसतो. नाबोथाची गोष्ट याहून वेगळी. अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात त्याहून चांगला मळा किंवा रोख मोल देऊ केले, तरी तो राजी झाला नाही. कारण तो मळा त्याच्या वाडवडिलांचे वतन होता. येथील गोंड व माडिया लोकांचे म्हणणे नाबोथाचे होते, आणि त्यांस उत्तर मिळे ते सरव्याचे.

हे उत्तर २००६ साली बदलले. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच अरण्यवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे, आणि कोणत्याही राज्यसत्तेने आपल्या कायद्यात असे लिहावे ही सामान्य गोष्ट नव्हे. या कायद्याने गौण वनोपजावर गावकऱ्यांची मालकी मान्य केली. गौण वनोपज म्हणजे लाकूड वगळून वनस्पतींपासून मिळणारे सर्व काही: मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी मुळ्या, आणि या यादीत बांबूचे नाव स्पष्ट घातलेले आहे. म्हणजे १९२७ च्या कायद्याने बांबू वृक्ष, आणि २००६ च्या कायद्याने तो वृक्ष नव्हे. दोन्ही कायदे एकाच वेळी अमलात, आणि अरण्यात उभा असलेला बांबू मात्र तोच!

हा गुंता ज्या गावाने सोडविला ते गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) होय. शंभरएक घरांचे हे गोंडांचे गाव. १९८४ च्या सुमारास इचमपल्ली व भोपालपट्टनम येथील नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ झाली. तिच्यातून येथील लोक जागे झाले. देवाजी तोफा हे त्यांचे पुढारी, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावी आमचे राज्य, हे त्यांचे गोंडी घोषवाक्य सर्वत्र गाजले. परंतु आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या सभेची रीत आहे. तेथे बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांची संमती होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा घेतला जातो. याशिवाय त्यांचा अभ्यासगट असतो, आणि त्यात अशिक्षित म्हटलेले लोक बसून कायद्यांच्या कलमांचा अर्थ लावितात. शाळेत असा वर्ग आम्हांस क्वचितच पाहावयास मिळतो.

२००९ साली मेंढा गावास सुमारे अठराशे हेक्टर अरण्यावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात हा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. तथापि कागद हाती आला तरी बांबू विकता येईना. अरण्यातील माल बाहेर न्यावयाचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि वनखाते तो देईना. कारण त्याच्या मते बांबू हा वृक्षच. विकत घेणारा गिऱ्हाईक दारी उभा, पैसे हातात, आणि माल गावाच्या वेशीत अडकलेला, अशी स्थिती झाली. शेवटी २०११ च्या मार्चमध्ये केंद्राचे तत्कालीन वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबू हे गौण वनोपज मानावे असे सर्व मुख्यमंत्र्यांस लिहिले; आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यास आले. परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. कोणाचा माल जावा हे लिहिणारी लेखणी खात्याच्या टेबलावरून गावाच्या चावडीवर आली, हा त्या दिवसाचा अर्थ. २०१२ साली नियम दुरुस्त होऊन हीच रीत देशभर लागू झाली.

आता पुष्कळ शहाणे लोक विचारतात की गावाच्या हाती अरण्य दिले तर ते उरेल काय? याचे उत्तर बांबूच्या बेटातच पाहावे. बांबू तोडणे म्हणजे कोयता चालविणे एवढेच नव्हे. पावसाळ्यात तोड करू नये, कारण त्या वेळी कोंब फुटतात. यंदाचे व गतवर्षीचे बांबू राखून जुनेच घ्यावे, कारण नव्या कोंबांस अन्न तरण्या बांबूंकडून मिळते. बेटाच्या कडेचेच सोपे बांबू घेतले तर मध्यभाग दाटून बेट गुदमरते. रोजंदारीने घाईत तोडणाऱ्या परगावच्या मजुराने हे नियम पाळावेत अशी अपेक्षा फुकट आहे. ज्यास तीन वर्षांनी त्याच बेटाकडे परत यावयाचे आहे, तो पाळतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव हे याचे दुसरे उदाहरण. २०१२ साली त्यास सुमारे एक हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. बांबूच्या विक्रीवर गावास काम मिळू लागले. आणि मग त्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडण्याचे बंद केले! तेंदू म्हणजे उन्हाळ्यातील रोख पैसा. परंतु पाने चांगली यावीत म्हणून झुडपे छाटितात, रान पेटवितात. आणि तेंदूची फळे पक्ष्यांस व मनुष्यांसही खावयास हवी असतात. हाती आलेला पैसा कोणाच्या हुकुमावाचून सोडणारे गाव आम्हांस तरी सहज आठवत नाही.

अर्थात हक्काचा कागद वाघास वाचता येत नाही. ताडोब्याच्या आसपास बांबू, मोहफुले, तेंदू यांसाठी पहाटे रानात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावतात, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ असतात. २०२३ साली ताडोब्याच्या कडेवरील सीतारामपेठ येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसविण्यात आले. वाघ गावाकडे येताना दिसला की यंत्र स्वतः ओळखून इशारा देते. अशा यंत्राचे आम्ही स्वागत करितो. मात्र जो कॅमेरा वाघास पाहतो तो सरपण आणणाऱ्या बाईसही पाहतो. त्या चित्रांचे काय करावयाचे हे ठरविताना बाईच्या गावास विचारले जावे, एवढी आमची मागणी आहे.

जुन्या व्याख्येचे पुढे काय झाले, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सांगतो. २०१७ च्या वटहुकुमाने व त्यामागून झालेल्या दुरुस्तीने १९२७ च्या कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. नव्वद वर्षांनी बांबू पुनः तृण झाला. पण त्याचा लाभ मुख्यतः शेतात बांबू लाविणारास आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. आमच्या गावोगावच्या बुरूड लोकांपाशी अरण्य नाही. सूप, टोपली, डाले विणून पोट भरणाऱ्या या लोकांस वनखात्याच्या निस्तार कार्डावर स्वस्त बांबू मिळत आला. आता जेथे बांबू ग्रामसभेचा झाला तेथे बुरुडाने कोणाच्या दारी जावे? ग्रामसभेने त्यास कागद गिरणीच्या व्यापाऱ्याचा भाव लावावा की शेजाऱ्याचा? काल ज्यांच्या वाट्यास सरवा होता, त्यांच्याच शेतात आता कोपऱ्याकडे कोणी उभा आहे.