कोळशावरचा पाव रुपया

घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, वस्तू आणि सेवा कराचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टीव्ही स्वस्त होणार म्हणून बाजारात उत्साह होता आणि वर्तमानपत्रांची पानेही त्याच हिशेबांनी भरली होती. त्या यादीत कोळसाही होता. कोळशावरचा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि त्याच वेळी टनामागे आकारला जाणारा ४०० रुपयांचा भरपाई उपकर रद्द झाला. घरात कोळसा कोणी आणत नाही, त्यामुळे या ओळीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पण त्या दिवशी जो उपकर संपला, तो मुळात राज्यांच्या भरपाईसाठी जन्मलाच नव्हता. जन्माच्या वेळी त्याचे नाव होते स्वच्छ ऊर्जा उपकर.

२०१०-११च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीची घोषणा केली. कल्पना साधी आणि न्याय्य होती. जो कोळसा जाळतो त्याने धुराची थोडी किंमत मोजावी आणि त्या पैशातून सूर्य-वाऱ्याच्या विजेचे संशोधन, प्रकल्प उभे राहावेत. देशातल्या आणि आयात केलेल्या कोळशावर टनामागे ५० रुपये असा दर ठरला आणि १ जुलै २०१० पासून वसुली सुरू झाली. अरुण जेटलींच्या अर्थसंकल्पांत तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. शेवटच्या वाढीबरोबर नावही बदलले. तो स्वच्छ पर्यावरण उपकर झाला.

हे ४०० रुपये कोण भरत होते? औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे युनिटमागे चोवीस ते अठ्ठावीस पैसे, ढोबळमानाने पाव रुपया. वीज कंपनी हा खर्च इंधनाच्या खर्चात धरते आणि तो फिरून ग्राहकाच्या बिलात येतो. पर्यावरणासाठी म्हणून हा पैसा आपण देत होतो. बिलावर त्या नावाची ओळ नसल्याने कळत नव्हते, इतकेच.

आता या पैशाचा प्रवास पाहू. उपकर हा ठरावीक कारणासाठी घेतलेला कर असतो. त्यामुळे सामान्य समज असा, की तो गोळा झाला की थेट त्या कारणाच्या तिजोरीत पडतो. तसे होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ नुसार केंद्राचा सगळा महसूल आधी भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून एक रुपया बाहेर काढायचा तरी संसदेने विनियोजन कायदा करावा लागतो. म्हणजे उपकराचा पैसा संबंधित निधीत नेण्यासाठी दरवर्षी अर्थ मंत्रालयाने वेगळी तरतूद करायची, संसदेने ती मंजूर करायची, मग तो निधीत वर्ग होणार आणि निधीतून प्रकल्पाला मिळणार. किती वर्ग करायचे हे त्या वर्षीच्या तुटीवर, निकडीवर आणि मर्जीवर ठरते. शिवाय अनुच्छेद २७० मुळे उपकर राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. केंद्रातल्या कोणत्याही पक्षाच्या अर्थमंत्र्याला उपकर इतके प्रिय का, याचे उत्तर या एका कलमात आहे.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात कोळशावरच्या या उपकरातून ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यातले स्वच्छ ऊर्जा निधीत वर्ग झाले २९,६४५ कोटी. निधीतून प्रकल्पांसाठी प्रत्यक्ष वापरले गेले १५,९११ कोटी. रुपयाच्या भाषेत सांगायचे तर शंभर पैशांपैकी चौतीस निधीच्या दारात पोचले आणि अठरा आत जाऊन कामाला लागले. उरलेले ५६ हजारांहून अधिक कोटी कोणी खिशात घातले, असा याचा अर्थ नाही. ते एकत्रित निधीत राहिले आणि केंद्राच्या सर्वसाधारण खर्चात मिसळून गेले. सगळे कायद्याला धरून झाले. मला खटकते ते नेमके हेच.

जे अठरा पैसे पोचले त्यांचीही गोष्ट पाहण्यासारखी आहे. निधीतून काही हवे असेल तर एखाद्या केंद्रीय मंत्रालयाने प्रस्ताव पुरस्कृत करायचा, दिल्लीतील आंतरमंत्रालयीन गटाने तो तपासायचा आणि प्रकल्प खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत मदत मिळवायची. पुढे या पैशाचा मोठा भाग नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या नेहमीच्या योजनांना पुरवला जाऊ लागला. म्हणजे जो खर्च एरवीही अर्थसंकल्पातून व्हायचा, त्याची जागा उपकराने घेतली. चंद्रपूरचा माणूस, ज्याच्या गावाजवळून कोळसा निघतो आणि ज्याच्या डोक्यावर २,९२० मेगावॉटच्या केंद्राचा धूर आहे, तो या निधीकडे काहीही मागू शकत नव्हता. त्याच्यासाठी अर्जाचा नमुनाच नव्हता. (२०१५ नंतर खाणींच्या रॉयल्टीशी जोडलेला पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे येऊ लागला, पण तो वेगळा पैसा, वेगळा कायदा.)

मग १ जुलै २०१७ आला. वस्तू आणि सेवा कर लागू होताना राज्यांना पाच वर्षे वार्षिक चौदा टक्के वाढीची हमी द्यायची होती, त्यासाठी पैसा हवा होता. स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द झाला आणि तेच ४०० रुपये भरपाई उपकर या नावाने चालू राहिले. खाणीच्या फाटकावर काहीच बदलले नाही. पाच वर्षांची हमी जून २०२२ मध्ये संपली, तरी करोनाकाळात राज्यांसाठी काढलेले कर्ज फेडायचे म्हणून उपकराला मुदतवाढ मिळाली. धुराची किंमत म्हणून सुरू झालेला पाव रुपया शेवटी कर्जाचे हप्ते भरण्यात गेला.

कोळशाचे उदाहरण ढळढळीत आहे, पण एकटे नाही. अर्थसंकल्पाच्या कागदात प्रत्येक योजनेपुढे वेगवेगळ्या स्तंभांत आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि, दोन वर्षांपूर्वीचा, प्रत्यक्ष खर्च. १ फेब्रुवारीला मथळे होतात ते पहिल्याचे. जल जीवन मिशनला २०२४-२५ साठी ७०,१६३ कोटींची तरतूद होती. वर्ष सरताना सुधारित अंदाज आला २२,६९४ कोटींचा, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. त्याच दिवशी पुढच्या वर्षासाठी ६७,००० कोटी जाहीर झाले आणि बातमी पुन्हा मोठ्या आकड्याची झाली. प्रदूषण नियंत्रणाच्या केंद्रीय योजनेचे तर त्याच वर्षी ८५८ कोटींपैकी जानेवारी २०२५ पर्यंत सव्वासात कोटीही खर्च झाले नव्हते, असे संसदेच्या स्थायी समितीने नोंदवले. योजना पुढे चालू ठेवायची मंजुरी यायची आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे. दिल्लीची हवा मंजुरीसाठी थांबत नाही.

वनीकरणाच्या भरपाईचा पैसाही असाच अडकून पडला होता. जंगलाची जमीन प्रकल्पाला देताना जी रक्कम वसूल होते, तिचा स्वतंत्र निधी करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. कायदा २०१६ मध्ये झाला आणि ४७,४३६ कोटी रुपये राज्यांना वर्ग झाले ते ऑगस्ट २०१९ मध्ये. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले ३,८४४ कोटी आले. मधल्या काळात जंगले तोडली गेली आणि पैसा व्याज कमावत राहिला.

यावर सरसकट उत्तर दिले जाते: उपकर वाईट, निधी वाईट, सगळे सर्वसाधारण अर्थसंकल्पात टाका. मला ते पटत नाही आणि त्याचे कारण मराठी नोकरदाराच्या पगारपत्रकात दर महिन्याला छापलेले असते. ‘पी. टी.’पुढे दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ च्या कायद्याने बसवला, तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर शहरातल्या कमावत्याने खेड्यातल्या कोरडवाहू शेतमजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, असा तो उघड सौदा होता. वि. स. पागे यांनी ही कल्पना आधी सांगली जिल्ह्यात विसापूरला करून पाहिली होती. करातून येईल तेवढीच भर सरकारनेही निधीत घालायची, अशी तरतूद होती. त्या पैशातून पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती झाली. आज ज्याला हवामान अनुकूलन म्हणतात, ते महाराष्ट्र पन्नास वर्षांपूर्वी टोपल्या-फावड्याने करत होता.

इथेही पैसा आधी राज्याच्या एकत्रित निधीतच जात होता. इथेही अर्थ खाते होते आणि मार्चअखेर होतीच. फरक एका गोष्टीचा होता. २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या कायद्याने काम मागणे हा हक्क ठरवला. मजूर तहसीलदारापुढे उभा राहून काम मागू शकत होता. पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागू शकत होता. खर्च किती करायचा हे वरून ठरत नव्हते, मागणी खालून येत होती. दुष्काळी वर्षात मोर्चे तहसील कचेरीवर जायचे आणि तिजोरीला वाकावे लागायचे.

या योजनेला डोक्यावर घेण्याचेही कारण नाही. नव्वदच्या दशकात कामे कमी निघू लागली, मजुरांच्या संघटना थकल्या, व्यवसाय कराची वसुली मात्र सुरूच राहिली आणि निधीतली शिल्लक कागदावर फुगत गेली. हक्क कायद्यात असतो; तो बजावणारे कचेरीच्या दारात नसले की तोही उपकरासारखाच होतो. पण मागणारे होते तेव्हा पैसा हलला, एवढे तरी त्या अनुभवाने दाखवले. कोळशाच्या निधीत मागणाऱ्याची जागाच ठेवलेली नव्हती.

आता कोळशावर १८ टक्के साधा कर आहे. दीड हजार रुपये टनाचा कोळसा धरला तर पूर्वी ५ टक्क्यांचे पंचाहत्तर आणि उपकराचे चारशे, असे ४७५ रुपये पडत. आता २७० पडतात. तीन हजारांच्या थोड्या वरच्या भावाला दोन्ही सारखे होतात, त्याहून महाग कोळशावर नवा कर जास्त. कोळसा जेवढा स्वस्त आणि हलका, तेवढी सूट मोठी. या २७० रुपयांतले निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे; पर्यावरणाचे नाव त्यातल्या एकाही रुपयावर नाही.