ज्यांचा विकास, त्यांचा आराखडा

गावातला किंवा वस्तीतला पैसा कोणत्या कामावर, कोठे आणि कोणत्या क्रमाने खर्च व्हावा, हे ठरवताना सर्वांत गरजू माणसांचा शब्द चालणे, याला गरिबांचा नियोजनातील सहभाग म्हणतात. हा सहभाग कमी-अधिक असू शकतो. अमेरिकेतील शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये त्याची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. लोकांकडून हवे ते वदवून घेणे ही तिची सर्वांत खालची पायरी. माहिती देणे आणि मत विचारणे या पायऱ्या मध्यावर येतात, तर निर्णय पूर्णपणे लोकांच्या हाती असणे ही शेवटची. भारतात गेल्या सत्तर वर्षांत झालेले प्रयोग या शिडीवर वेगवेगळ्या उंचीवर थांबले. ते कोठे आणि का थांबले, यातूनच या विषयाचे सार हाती लागते.

सामुदायिक विकास ते ७३वी घटनादुरुस्ती

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गावकऱ्यांनी श्रमदान करावे आणि योजना सरकारने आखाव्यात, असे त्याचे स्वरूप होते. लोकांना या योजना आपल्या वाटल्या नाहीत. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने तसा निष्कर्ष काढून त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून ही रचना कामाला लागली. सत्ता मुंबईहून जिल्ह्यात आली. मात्र गावातला भूमिहीन मजूर, वेशीबाहेरची दलित वस्ती आणि डोंगरावरचा पाडा तिच्यापासून बरेच दूर राहिले.

२४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले, महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना आरक्षण दिले आणि पंचायतींनी ‘आर्थिक विकास व सामाजिक न्याय’ यांसाठी योजना तयार कराव्यात असे सांगितले. सामाजिक न्यायाचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. गावाचा आराखडा रस्ते आणि गटारे यांच्यापुरता नसून त्यात गावातल्या विषमतेची दखल घेतली पाहिजे, हे त्यातून घटनेनेच मान्य केले. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय नोंदवले गेले. ते किती सोपवायचे हे मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिले, आणि बहुतेक राज्यांनी विषय दिले तरी त्यांच्यासोबतचा पैसा व कर्मचारी हातचे सोडले नाहीत.

केरळचा लोकयोजना प्रयोग

पैसा आधी आणि तयारी मागाहून, असा उलटा क्रम केरळने स्वीकारला. ऑगस्ट १९९६ मध्ये तेथे लोकयोजना मोहीम सुरू झाली. नवव्या पंचवार्षिक योजनेतील राज्याच्या विकासनिधीपैकी ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याचा निर्णय झाला. संस्था सक्षम झाल्या की पैसा देऊ, असे म्हणत बसले तर त्या कधीच सक्षम होणार नाहीत, हा त्यामागचा विचार होता. मोहिमेच्या मार्गदर्शक मंडळाचे प्रमुख माजी मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद होते. थॉमस आयझॅक यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ राज्य नियोजन मंडळात तिची आखणी करत होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी त्याआधीच पंचायतींचे साधनसंपत्ती-नकाशे लोकांकडून तयार करून घेतले होते. हा अनुभव मोहिमेच्या कामी आला.

प्रक्रिया टप्प्याटप्प्याची होती. केरळमधील पंचायती मोठ्या असल्याने ग्रामसभा प्रभागनिहाय भरे. लोक शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण अशा विषयांच्या लहान गटांत बसून अडचणी मांडत. त्यांच्या मागण्या आणि उपलब्ध आकडेवारी यांतून पंचायतीचा विकास-अहवाल तयार होई. विकास-परिसंवादात त्यावर चर्चा झाली की कृतिगट त्याचे प्रकल्पांत रूपांतर करत. खर्चाचे अंदाज तपासायला निवृत्त अभियंते आणि तज्ज्ञ स्वेच्छेने पुढे आले. अनेक कामे ठेकेदाराऐवजी लाभार्थी समित्यांनी केली.

पहिल्या वर्षीच्या ग्रामसभांत स्त्रिया, दलित आणि आदिवासी संख्येने कमी होते. यावर दोन उपाय झाले. निधीचा किमान १० टक्के वाटा महिला घटक योजनेसाठी राखला गेला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्रीच्या शेजारगटांतून गरीब कुटुंबांतील स्त्रिया आधी आपसांत बोलून, मागण्या ठरवून ग्रामसभेत येऊ लागल्या. मोठ्या सभेत बोलायचे धैर्य आधी लहान गटात मिळते, हा केरळचा सर्वांत उपयोगी धडा आहे.

मेंढा: जंगलावरचा हक्क

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली आहे. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने येथे दोन सवयी रुजल्या. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, ही पहिली. एखादा विषय निर्णयाला येण्यापूर्वी अभ्यासगटात त्याचा काथ्याकूट करायचा, ही दुसरी. सर्वसहमतीच्या नियमामुळे सर्वांत दुबळ्या कुटुंबाचा विरोधही गावाला ऐकून घ्यावा लागतो.

वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क सर्वप्रथम मिळवणाऱ्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये तो अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि बांबूविक्रीचे उत्पन्न थेट गावाच्या खात्यात जमा होऊ लागले. ग्रामसभेपाशी स्वतःचे उत्पन्न असले की तिच्या आराखड्याला वजन येते. एरवी तो मागण्यांची यादी म्हणून पंचायत समितीच्या कपाटात पडून राहतो.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार दिले होते. महाराष्ट्राचे नियम येण्यास २०१४ उजाडले. या नियमांमुळे पाडा किंवा वस्ती स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा भरवू शकते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी अबंध स्वरूपात अशा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. चार मैलांवरच्या मोठ्या गावात जाऊन गप्प बसणारा पाडा स्वतःच्या झाडाखाली भरलेल्या सभेत बोलतो, ही या बदलामागची साधी जाण आहे.

शहरातले गरीब

शहरात गरिबांच्या वाट्याला बहुधा आराखड्याऐवजी पाडापाडीची नोटीस येते. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासियांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासियांची गणना हाती घेतली. हे लोक कोठून आले, काय काम करतात आणि शहराला काय देतात, याची नोंद प्रथमच त्यांच्या सहभागाने झाली. पुढे भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांनी ‘महिला मिलन’ उभारले. रोजची बचत, वस्तीची मोजणी आणि घरांचे पूर्ण आकाराचे नमुने ही त्यांच्या कामाची साधने होती. छोट्या खोलीत पोटमाळा बसावा म्हणून छत उंच हवे, ही सूचना स्वतः घर चालवणाऱ्या स्त्रियांकडून आली. रेल्वे रुळांलगतच्या वस्त्यांचे पुनर्वसन करताना रहिवाशांनी स्वतः केलेली मोजणी आणि नोंदणीच आधाराला आली.

ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून अर्थसंकल्पातील गुंतवणुकीचा भाग नागरिकांच्या सभांसमोर ठेवला. वाटपाच्या सूत्रात लोकसंख्येसोबत सेवांचा अभावही मोजला जाई. त्यामुळे गटारे आणि रस्ते नसलेल्या गरीब भागांना आपोआप जास्त वाटा मिळे. पुण्याने २००६-०७ मध्ये नागरिकांच्या सूचना अर्थसंकल्पात घेण्यास सुरुवात केली, पण अशा सूत्राअभावी अर्ज भरू शकणाऱ्या, संघटित वस्त्यांचाच आवाज मोठा राहण्याचा धोका असतो.

आमचा गाव, आमचा विकास

चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी दोन लाख कोटी रुपयांहून अधिक निधी ग्रामपंचायतींना देण्याची शिफारस केली. त्यासोबत प्रत्येक ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आवश्यक झाला. महाराष्ट्रात हा कार्यक्रम ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने आला. शिवारफेरी, गावनकाशा, वॉर्डसभा, महिला सभा आणि शेवटी ग्रामसभा, असा त्याचा क्रम आहे. कागदावर तो उत्तम आहे. त्याला खीळ कोठे बसते, हे गावात सर्वांना ठाऊक असते.

ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ठराव तिथे मंजूर होतात. सभेला येणे म्हणजे मजुराला दिवसाची मजुरी बुडवणे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची लगबग २ ऑक्टोबरपासून सुरू होते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. आराखडा त्यांच्या माघारी ठरतो. भर म्हणून पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित केला. हेतू चांगला असला तरी त्याने गावाच्या निवडीला जागा कमी राहिली.

जागतिक बँकेतील अभ्यासक घझाला मन्सुरी आणि विजयेंद्र राव यांनी जगभरातील अशा कार्यक्रमांचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सहभागाच्या नावाखालील लाभ अनेकदा गावातील शिकलेल्या व वजनदार मंडळींकडे जातात, आणि वरचे शासन जबाबदार असेल तेथेच खालचा सहभाग टिकतो, असे त्यांना दिसले. भारताचा अनुभव याहून वेगळा नाही.

सहभाग खरा ठरण्याच्या अटी

वरील अनुभवांतून पाच अटी निघतात. आराखडा सुरू होण्यापूर्वी किती निधी येणार हा आकडा लोकांना कळला पाहिजे. मोठ्या सभेआधी स्त्रिया, भूमिहीन, पाडे आणि वस्त्या यांच्या वेगळ्या बैठका झाल्या पाहिजेत आणि त्यांच्या मागण्या इतिवृत्तात जशाच्या तशा उतरल्या पाहिजेत. सभेची वेळ व महिना मजुरांच्या कामाच्या चक्राप्रमाणे ठरला पाहिजे. वाटपाच्या सूत्रात अभावाला गुण हवेत, नाहीतर बोलका वरचढ ठरतो. काम झाल्यावर झालेला खर्च आणि नाकारलेल्या मागण्यांची कारणे त्याच सभेसमोर आली पाहिजेत. या पाचांपैकी एकाही अटीला नवा कायदा लागत नाही. अस्तित्वात असलेले अधिकार वापरू देण्याची इच्छा लागते. केरळ, मेंढा आणि भायखळ्याच्या स्त्रिया यांनी गरीब माणूस नियोजन करू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. उरलेले काम निधी, माहिती आणि अंतिम शब्द हातात धरून बसलेल्यांचे आहे.