मैदान जपणाऱ्यांचा सन्मान

1887 मध्ये शिकागोत जन्मलेल्या सॉफ्टबॉलच्या ‘स्लो पिच’ या प्रकारात चेंडू हात खालून फिरवून, संथ गतीने आणि कमानीसारखी उंची देऊन टाकला जात असल्यामुळे पन्नाशी उलटलेले हौशी खेळाडूही मैदानावर टिकून राहू शकतात. अशा हौशी खेळांचा खरा आधार म्हणजे विनामोबदला मैदान आखणारा, गुणलेखन करणारा आणि मुलांना घडवणारा कार्यकर्ता होय. नाशिकसह महाराष्ट्रातील जिल्ह्यांत दिले जाणारे जिल्हा क्रीडा पुरस्कार गुणवंत खेळाडूंबरोबरच मार्गदर्शकांसाठीही असतात, तर राज्य पातळीवरील शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारांत प्रदीर्घ सेवेसाठी जीवनगौरव पुरस्काराची तरतूद आहे. पदकांनी मोजता न येणारी ही निष्ठा ती व्यक्ती कार्यरत असतानाच गौरवली गेली पाहिजे, कारण त्यातूनच पुढच्या पिढीला मैदान सांभाळण्याची प्रेरणा मिळते.